टकल्या सूर्यफुलांची ओळ

आतोबा गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा, एक मिक्सर आणि तिची नोकरी एवढंच होतं. मूलबाळ नव्हतं, घर भाड्याचं होतं. बाबांनी बॅगा मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या, आईने कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या डबा घेऊन नेहमीसारखी कामाला गेली.

ती रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. भेटायला येणाऱ्या बायका आईला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारायच्या, "रडल्या का?" ताप उतरला का, असं विचारावं तशा सुरात. आई मान हलवायची. मग त्या बायका बाहेर जाऊन आत्यासमोर बसायच्या आणि स्वतःच रडायच्या. आत्या त्यांना पाणी आणून द्यायची.

याबद्दल ती स्वतः एकदाच बोलली. "दातांचा डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपला आहे की दुसऱ्याचा तेच कळत नाही ना, तसं झालंय," ती आईला म्हणाली. "दुखत नाही हो काही. फक्त चुकून चावला जाईल असं वाटत राहतं."

तिचं काम भेसळ काढायचं. बियाण्यासाठी लावलेल्या शेतात सगळी झाडं एका जातीची लागतात. त्यात एखादं उंच, एखादं बुटकं, एखादं वेगळ्या पानाचं निघालं तर त्याचे पराग बाकीच्यांवर पडायच्या आत ते मुळासकट उपटायचं. बियाणे कंपनीच्या सूर्यफुलांच्या शेतात आत्याने निम्मं आयुष्य हेच केलं होतं. ओळीतून चालायचं, थांबायचं नाही, डोळ्याला खटकलं की हात घालायचा आणि बुंध्याशी धरून ओढायचं. विचार करत उभं राहिलं तर काम होत नाही, असं ती म्हणायची. तिचा डोळा घरीसुद्धा सुट्टी घेत नसे. गटफोटोत डोळे मिटलेला माणूस तिला सगळ्यात आधी दिसायचा, आणि बाबांच्या शर्टाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं बटण तिने एकदा जेवताजेवता दाखवलं होतं. "दादा, हे कुणी लावलं?" बाबा म्हणाले, "मी." त्यावर ती म्हणाली, "दिसतंयच."

कंपनीने ते शेत बंद केलं तेव्हा ती गावाबाहेरच्या एका संशोधन केंद्रात लागली. तिथे कुणी तिला नावाने हाक मारत नसे, सगळे मावशी म्हणत. घरी आत्या, कामावर मावशी; नावाने हाक मारायचे ते एकटे आतोबा. ते असताना म्हणायचे, "माझ्याच वाट्याला तेवढं नाव आलंय."

केंद्रात सूर्यफुलांवर पीएचडी करणारी एक मुलगी होती. कुरळ्या केसांची, कानामागे कायम एक पेन खोचलेली. तिच्या दर वाक्यात जनुक यायचं म्हणून मजुरांनी तिला जनुकताई करून टाकलं होतं, आणि तिनेही ते मुकाट मान्य केलं होतं. तिच्या वाफ्यात एक ओळ होती टकल्या सूर्यफुलांची. सूर्यफुलाच्या कडेने पिवळ्या पाकळ्यांची झालर असते ती या फुलांना नव्हतीच. नुसती तपकिरी तबकडी, कडेपर्यंत एकसारखी.

मुकादम स्वतः टकले होते. ते रोज त्या ओळीपाशी थांबून म्हणायचे, "काय मंडळी, बरं आहे ना?"

जनुकताईने आत्याला पहिल्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली कोवळी कळी दाखवली होती. वरची हिरवी पानं एकेक करून सोललेली, आत टाचणीच्या डोक्याएवढा ओला घुमट, आणि त्यावर कडेकडून मध्याकडे वळत गेलेल्या बारीक गाठींच्या रांगा.

"ही एकेक गाठ म्हणजे एकेक फूल होणार," जनुकताई म्हणाली. "आपण सूर्यफूल म्हणतो ते एक फूल नाहीच मावशी. शेकडो फुलांचं गाव आहे ते. आणि ज्याला आपण पाकळी म्हणतो ना कडेची, तीसुद्धा अख्खं एक फूल असते. एका बाजूने ताणून जिभेसारखी लांब झालेली."

"मग मधल्यांची का नाही होत लांब?"

"तिथेच तर गंमत आहे. प्रत्येक गाठीत जनुकं तीच असतात. पण एक जनुक फक्त कडेच्या गाठींमध्ये जागं होतं. ते जागं झालं की फूल ताणलं जातं, पिवळं होतं. मध्ये ते झोपून राहतं, म्हणून मधली फुलं लहान, नळीसारखी. सगळीकडेच जागं झालं तर फूल मध्यापर्यंत पाकळ्यांनी भरून जातं, गोंड्यासारखं. आणि बिघडलं तर..."

"मुकादम," आत्या म्हणाली.

जनुकताई हसली. "पण कडेच्या पिवळ्या फुलांना बी धरत नाही. ती नुसती लांबून दिसायला असतात, मधमाश्यांना बोलवायला. या टकल्यांची मात्र कडेची फुलंही मधल्यांसारखीच होतात. त्यांना धरतं बी."

आत्याने पुन्हा काचेला डोळा लावला आणि बराच वेळ पाहत राहिली. तेव्हा आतोबा होते.

ते गेले त्यानंतरच्या हंगामात जनुकताईचा खरा प्रयोग लागला. दुसऱ्या एका संस्थेतही एक टकलं वाण सापडलं होतं, अगदी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या लोकांना. दोन्हीकडे बिघडलेलं जनुक एकच आहे की वेगवेगळं, हे तिला शोधायचं होतं. त्याची रीत सोपी होती. दोघांचा संकर करायचा. मुलं टकली निघाली तर बिघाड एकाच जनुकात. मुलांना पाकळ्या आल्या तर बिघाड वेगवेगळ्या जनुकांत, कारण मग आईकडून जे बिघडलेलं आलं ते बापाने भरून काढलं आणि बापाकडचं आईने.

"एकच असणार," जनुकताई ठामपणे म्हणायची. "माझा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे."

"टकल्यांची पोरं टकलीच," मुकादम म्हणायचे. "आमचा मुलगा बघा, लग्नाआधीच कपाळ मानेपर्यंत पोचलं. कशाला एवढा खटाटोप करता? मला विचारायचं."

दुसऱ्या संस्थेने बर्फाच्या डब्यात घालून परागांची एक बाटली पाठवली. एकदाच. त्यांचं ते वाण त्या वर्षी पुन्हा फुलणार नव्हतं, आणि जनुकताईची शिष्यवृत्ती त्या वर्षापुरतीच उरली होती. म्हणजे जे काही होणार ते याच ओळीत, याच बियांत. हे सगळ्यांना माहीत होतं. आत्यालाही.

तिला तर सगळ्यांत जास्त. रोज सकाळी ऊन चढायच्या आत ती आणि जनुकताई त्या ओळीत बसायच्या आणि चिमट्याने उमलत्या फुलांचे स्वतःचे परागकोष एकेक करून काढायच्या, म्हणजे फुलाला फक्त पाहुण्याचे पराग मिळावेत. मग बारीक ब्रशने बाटलीतली पिवळी पूड लावायची आणि फुलावर कापडी पिशवी बांधायची. पिशव्यांच्या गाठी आत्याच्या असायच्या. जनुकताईच्या गाठी सुटायच्या.

दोघी त्या वेळात फार बोलत नसत. एकदा जनुकताईने विचारलं, "मावशी, आठवण येते का हो त्यांची?"

आत्याने चिमट्याचं टोक पदराला पुसलं. "यायला पाहिजे," ती म्हणाली. "मी वाट बघते."

पराग लावून झाल्यावर काही दिवसांनी फुलं माना टाकायला लागली, तबकांत बी भरू लागलं. आता बाहेरच्या परागांचा धोका नव्हता, म्हणून जनुकताईने फोटो काढण्यासाठी पिशव्या उतरवल्या. त्याच सकाळी मुकादमांनी आत्याला त्या वाफ्यातलं तण काढायला सांगितलं. नेहमीचं काम. खुरपं, टोपली, डोक्याला रुमाल.

त्या दिवशी काही विशेष नव्हतं. हे तिने नंतर सगळ्यांना सांगितलं आणि कुणालाच पटलं नाही. केंद्राचे प्रमुख असलेल्या सरांना वाटलं, त्या दिवशी काही तिथी असेल. मुकादमांना वाटलं, घरी भांडण झालं असेल. बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की आदल्या दिवशी आपण कुणी तिला काही बोललो का. पण कुणी काही बोललं नव्हतं. तिने सकाळी चहा घेतला होता, बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली होती, आणि आदल्या रात्री झोपही लागली होती.

ती साध्या सूर्यफुलांच्या ओळींतून तण काढत आली. एक ओळ, दुसरी, तिसरी. सगळीकडे पिवळी झालर, पिवळी झालर. मग शेवटच्या ओळीत वळली, आणि तिथे डोळ्याला खटकलं.

हात बुंध्याशी गेला. ओढलं, माती झटकली, काखेत घेतलं. पुढचं. तेही वेगळं. ओढलं, झटकलं, काखेत घेतलं. डोकं कुठेच नव्हतं, पाय चालत होते, हात चालत होते, कसं चालायचं हे त्यांना तिच्याहून जास्त माहीत होतं. ओळीच्या टोकाला बांधावर ती नेहमीसारखी थांबली, काखेतला भारा खाली टाकला, आणि तेव्हा तिला तबकांखालच्या देठांवर तिनेच बांधलेल्या गाठींचे वळ दिसले.

ती ओरडली नाही, पळालीही नाही. भारा पुन्हा उचलला आणि प्रयोगशाळेत गेली. जनुकताई टेबलाशी बसून फोटोंना क्रमांक देत होती. आत्याने भारा टेबलावर ठेवला. मुळांची माती कीबोर्डवर सांडली.

"ही मी उपटली."

जनुकताईने आधी मातीकडे पाहिलं. "कुठली?"

"तुझीच."

"मावशी, थट्टा करू नका हं."

जनुकताई उठली, एक तबक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, खाली ठेवलं, दुसरं घेतलं.

"सगळी?"

"ओळ संपली तेव्हा कळलं."

"अहो, तुम्हाला माहीत होतं! तुम्ही स्वतः पराग लावलेत, पिशव्या तुम्ही बांधल्यात!"

"हो."

"मग?"

"हात गेला."

"हात गेला म्हणजे काय?"

"म्हणजे हात गेला," आत्या म्हणाली.

जनुकताईच्या कानामागचं पेन खाली पडलं. तिने ते उचललं नाही. "काही बोला तरी! चुकले म्हणा, रडा, काहीतरी करा मावशी, अशा उभ्या राहू नका खांबासारख्या!"

आत्याने खरोखर प्रयत्न केला. अंधाऱ्या खोलीत चाचपडून दिव्याचं बटण शोधावं तसं तिने आत शोधलं. मुलीचं वर्ष गेलं, कदाचित सगळंच गेलं, हे तिला कळत होतं, पाटीवर लिहिलेलं वाचावं इतकं स्वच्छ. पण त्याला धरून वर काही येत नव्हतं.

"नाही येत गं," ती म्हणाली.

जनुकताई खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. आत्या तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

पाणी पिता पिता जनुकताईने एका तबकातून एक बी ओढून काढलं. अजून पांढरट, मऊ. नखाने साल चिरलं. आत दुधाचा थेंब निघाला असता तर सगळं संपलं होतं. पण आत एक इवलासा घट्ट गर होता, दोन दळं एकमेकांना चिकटलेली, टोकाशी मुळाची सुई. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग नाक पुसलं.

"बी पिकणार नाही," ती म्हणाली. "पण आतलं बाळ तयार झालंय. बाहेर काढून जेलीवर वाढवता येईल. आजच्या आज. तबकं सुकायच्या आत." ती उठली. "हात धुवा. कोपरापर्यंत. साबण लावून दोनदा."

"मी?"

"मग कोण? मी एकटी किती काढणार?"

"माझ्या हातात देऊ नकोस, पोरी. भरवसा नाही त्यांचा."

"माझाही नाहीये," जनुकताई म्हणाली. "पण दुसरे हात कुठून आणू?"

वारा गाळून सोडणाऱ्या काचेच्या कपाटापुढे दोघी शेजारी शेजारी बसल्या. जनुकताईने बिया औषधाच्या पाण्यात धुऊन आणल्या. एका हातात चिमटा, एका हातात पातं. साल चिरायचं, आतला गर दाबला न जाता सरकवायचा, जेलीच्या बाटलीत अलगद ठेवायचा, मुळाचं टोक खाली. आत्याने सुरुवातीचे काही चिरडले. जनुकताईने फक्त तिची ताटली थोडी जवळ ओढली. मग आत्याने ओळीत चालायची तशी लय धरली आणि लगेच स्वतःच ती मोडली. प्रत्येक बी उचलताना ती मोठ्याने म्हणायची, "हे ठेवायचंय." पुढचं उचलायची. "हे ठेवायचंय."

जनुकताईला आधी वाटलं की आत्या आपल्याशी बोलतेय. "हो, ठेवायचंय," ती दोनतीनदा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं.

सरांनी दुसऱ्या दिवशी आत्याला बोलावलं. ते माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही थोडे दिवस स्टोअरमध्ये बसा. गोण्या, कुंड्या, एवढंच बघा. शेतात नको." तिने बरं म्हटलं. बाबा घरी चिडले. "एवढ्या वर्षांचा अनुभव आणि गोण्यांजवळ बसवतात?" आत्या म्हणाली, "दादा, मी असते तर मीही बसवलं असतं."

घरातही ती हातांपासून जपून राहू लागली. झाडांच्या कुंड्यांतलं वाळकं पान तिने काढलं नाही. आईने कोथिंबीर निवडायला दिली तर म्हणाली, "वहिनी, तुम्हीच करा. मी चांगलंच टाकून देईन." आईने ती जुडी तशीच तिच्या पुढ्यात ठेवली आणि उठून गेली. परत आली तेव्हा जुडी तशीच होती, आणि आत्या तिच्याकडे बघत बसलेली.

जेवणाच्या सुट्टीत मात्र ती कल्चर रूमच्या काचेपाशी जायची. आत पांढऱ्या दिव्यांखाली बाटल्या रांगेने ठेवलेल्या. पुष्कळ बाटल्यांत बुरशी आली, राखाडी कापसासारखी, आणि त्या फेकाव्या लागल्या. काहींतले गर तपकिरी पडून निजून राहिले. थोड्यांतून मुळं फुटली, दळं हिरवी झाली. त्यांतली निम्मी मातीत लावल्यावर मान टाकून मेली. उरली ती झाडं बुटकी, केविलवाणी होती. कंपनीच्या शेतात आत्याने ती एका क्षणात उपटली असती. तिने हे जनुकताईला सांगितलंही.

"सांगू नका हो असलं काही," जनुकताई म्हणाली. पण पाणी घालायचं काम तिने आत्याकडेच दिलं, सरांना न विचारता.

झाडं गुडघ्याएवढीही झाली नाहीत तोच त्यांना कळ्या आल्या. हिरव्या, घट्ट मिटलेल्या. मुकादम ये-जा करताना विचारायचे, "काय, केस का टक्कल?" जनुकताईची झोप उडाली होती. एका जनुकाचा प्रबंध, त्याची प्रकरणं, सगळं या कळ्या कशा उघडतात यावर अडलं होतं. नव्हे, आधी त्या उघडतात की नाही यावर. दोन कळ्या आतून सडून गळल्या होत्या.

मग एके सकाळी आत्या पाणी घालायला गेली आणि थांबली. सगळ्यांत पुढच्या कुंडीतल्या कळीची हिरवी पानं किंचित विलग झाली होती, आणि त्या फटीतून जिभेच्या टोकाएवढा एक रंग दिसत होता.

तिने हात लावला नाही. हात पाठीमागे बांधून ती वाकली. मग आत जाऊन म्हणाली, "बघ जरा. मला पिवळं दिसतंय. माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस."

जनुकताई धावत आली, गुडघ्यांवर बसली. तिने मान वाकडी करून फटीत पाहिलं.

"पिवळं आहे," जनुकताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे पाकळी आहे. म्हणजे दोन जनुकं वेगळी आहेत. म्हणजे मी चुकले." तिने कपाळावर हात मारला. "दोन वर्षं सगळ्यांना एकच आहे, एकच आहे म्हणून सांगत फिरले. आता परत पहिल्यापासून लिहायचं." आणि ती हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण कळलं तरी मावशी! पाकळी फुटायला एक जनुक पुरत नाही, अजून कुणीतरी आहे मदतीला. हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही."

"वाईट झालं की चांगलं?"

"मलाच नीट कळत नाहीये."

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली.

आठवडाभरात उरलेल्या कुंड्याही फुलल्या. सगळ्यांना झालर होती, आखूड, वेडीवाकडी, पण पिवळीजर्द. सर येऊन पाहून गेले. त्यांनी दुसऱ्या संस्थेत फोन केला, आणि अहवालासाठी एक फोटो हवा म्हणाले. आत्या स्टोअरकडे निघाली होती. जनुकताईने तिला दंडाला धरून परत आणलं आणि सगळ्यांत पुढची कुंडी तिच्या हातात दिली.

"मी उपटलेली आहेत ही," आत्या सरांना म्हणाली. कुंडी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"माहितीये मला," सर म्हणाले. "उद्यापासून तण काढायला या. मुकादम एकटे पडलेत."

"सोबत कुणीतरी द्या. थोडे दिवस."

"देऊ."

मुकादमांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला. दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. "मॅडम, थोडं इकडे. मावशी, कुंडी खाली घ्या, तोंड झाकलं जातंय. हां. आता हसा की जरा!"

"हसतेच आहे," आत्या म्हणाली.

मुकादमांनी मोबाइल खाली करून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा वर धरला आणि फोटो काढला.